पिवळं मारतंय

थोरले मास्तर निवृत्त होणार, असं आमच्या रंगखात्यात तीनदा जाहीर झालं. पहिल्यांदा आम्ही ते खरं मानलं. हॉल झाडला, खुर्च्या मांडल्या, आणि मास्तरांनी भाषण केलं की मी गेल्यावर या खात्याचे डोळे जातील. बोलता बोलता त्यांना स्वतःचं म्हणणं इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ते खिडकीजवळच्या खुर्चीत हजर. निरोपाचं घड्याळ मात्र परत केलं नाही. दुसऱ्यांदा केक झाला. तिसऱ्यांदा ही बातमी सांगायला आलेल्या कारकुनाकडे कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

बाकी सगळ्यांना वयाचा नियम होता. ठरलेला वाढदिवस उलटला की काल सलाम ठोकणारा फाटकावरचा रखवालदार आज विचारायचा, कोणाला भेटायचंय. मास्तरांना नियम नव्हता. मालकांच्या वडिलांनी कधीकाळी त्यांना शब्द दिला होता, तुला वाटेल तेव्हा जा. वडील गेले, शब्द राहिला, आणि शब्दाला धरून मास्तर राहिले. आपण कधी थांबायचं हे माणसावरच सोडलं की तो काय करतो, हे बघायचं असेल त्यानं आमच्या खात्यात यावं. तो ठरवत काही नाही. नुसतं जाहीर करतो, आणि लोक हळहळतात का ते बघत बसतो.

आमच्याकडे दुसऱ्यांनी विणलेलं कापड रंगवायला येतं. सोबत गिऱ्हाईक बोटभर नमुना पाठवतं आणि रंगाचं नाव लिहितं: बदामी, राखी, साय. मग लहान भांड्यात एक तुकडा रंगवायचा, इस्त्रीनं वाळवायचा आणि खिडकीशी नेऊन मास्तरांना दाखवायचा. ते हो म्हणाले की मोठे हौद भरायचे. ते लहान भांडं माझ्याकडे होतं, त्यामुळे मास्तरांचा चेहरा मी माझ्या बापाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त बघितलाय. बाप निदान कधीतरी हसायचा.

जगातला कोणीही रंगारी नमुना आणि तुकडा शेजारी शेजारी धरून बघतो. मास्तरांना त्यात कमीपणा वाटे. नमुन्याचं पाकीट ते उघडतच नसत. वरचं नाव वाचायला सांगत आणि म्हणत, बदामी म्हणजे काय हे गिऱ्हाइकानं मला शिकवू नये. सगळे रंग त्यांच्या डोक्यात होते. डोक्यातल्या बदामीशी समोरचा तुकडा ताडून बघायचा आणि निकाल द्यायचा, ही त्यांची पद्धत. जुने लोक सांगतात की तरुणपणी त्यांचा निकाल कधी चुकला नाही. जुने लोक पगार घेऊन बसल्यागत एकमेकांची तारीफ करतात, पण ते असो, समजा खरं होतं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका दिवसात नाही, दुधावर साय धरावी तसा हळूहळू. बाहुलीवरचा तो गढूळ ठिपका शेंबड्या पोरालाही दिसला असता. खात्यात सगळ्यांना दिसत होता, फक्त ज्याच्या डोळ्यात होता त्याला दिसत नव्हता. त्या डोळ्यांनी त्यांना सगळं जग चहात बुडवून काढल्यासारखं दिसायला लागलं असणार, कारण पुढ्यात कुठलाही तुकडा धरला की ते एकच वाक्य बोलत, "पिवळं मारतंय. निळा घाल."

आम्ही निळा घालत होतो. आणखी घाल म्हणाले की आणखी घालत होतो. एका दवाखान्यानं सायीच्या रंगाचे पडदे मागवले होते, त्यांनी सगळा माल परत पाठवला आणि खाली लिहिलं की हे पडदे बघूनच रोग्यांना हुडहुडी भरते. बदामी मागितलेल्या हॉटेलाला शेवाळाच्या रंगाची खोळ गेली. मालक खाली आले, खिडकीशी उभे राहिले, मास्तरांची तब्येत विचारली आणि वर निघून गेले. एवढ्या मोठ्या कारखान्याचा धनी, पण म्हाताऱ्यासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मी कसं सांगू, वडिलांचा शब्द आहे, असं तो वर जाऊन म्हणाला, आणि सांगायचं काम त्यानं खाली ढकललं. खाली होते धाकटे.

धाकटे म्हणजे मास्तरांच्या हाताखालचे. खात्यात आले तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर, म्हणून थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर. आता धाकट्यांचे केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, नात शाळेत जाणारी, तरी धाकटेच. त्यांची बायको, आमच्या वहिनी, एकदा विसरलेला डबा द्यायला आल्या तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "वेळेवर खायला घाला यांना. वाढीचं वय आहे." आम्ही हसलो. धाकटेही हसले. हा त्यांचा रोग होता. कोणी थोबाडीत मारली तरी आधी हसून घ्यायचं आणि मग गाल चोळायचा.

या माणसाला आयुष्यात एक गोष्ट हवी होती. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसून स्वतःच्या सहीनं रंग पास करायचा. मालकांनी कबूल केलं होतं, मास्तर गेले की खुर्ची तुमची, फक्त त्यांनी आपणहून जायला हवं. इकडे धाकट्यांना वयाचा नियम लागू होता आणि त्यांचा वाढदिवस वर्षाअखेरीला होता. त्याच्या आत मास्तर हलले नाहीत तर धाकटे धाकटे म्हणूनच फाटकाबाहेर जाणार होते. हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही मनात पैजा लावत होतो, मदत कोणी करत नव्हतं.

मालकांनी धाकट्यांना दोन गोष्टी सांगितल्या: मास्तरांना दुखवू नका, आणि माल परत येऊ देऊ नका. धाकट्यांनी त्यावर तोड काढली आणि माझ्याकडे अशा ऐटीत आले जणू वाफेचं इंजिन शोधलंय. म्हणाले, यापुढे दर रंगाचे दोन तुकडे करायचे. एक गिऱ्हाइकाच्या नमुन्याबरहुकूम, तो मुकाट्यानं हौदावर द्यायचा. दुसरा निळा मारलेला, तो मास्तरांना दाखवायचा. मी विचारलं, एकदाच जाऊन सांगितलं तर नाही का चालणार? ते हसले.

तसं सुरू झालं. मास्तरांना खोट काढायला काहीतरी हवं म्हणून आधी मी बरोबर तुकडा दाखवायचो. मास्तर तो खिडकीशी धरून नाकाने कांदे सोलायचे. पिवळं मारतंय, काय शिकलात रे तुम्ही इतकी वर्षं. मग मी खाली मान घालून आत जायचो, चहा प्यायचो आणि आधीच करून ठेवलेला निळा तुकडा घेऊन यायचो. तो बघून त्यांचा चेहरा खुलायचा. मागच्या बाजूला सही करायचे, कात्रीनं अर्धा कापायचे आणि आपल्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकायचे. पाहुणे आले की बंद कपाटावर थाप मारून सांगायचे, माझं आयुष्य यात आहे. खरंच होतं. आम्ही रोज त्यात एक खोटा तुकडा टाकत होतो आणि ते त्याला कुलूप लावत होते.

एका सकाळी मास्तर आत आले आणि खुंटीवर टांगलेल्या कोटाला झापायला लागले. मालक येताहेत, तू कोपऱ्यात उभा काय राहतोस, हातपाय आहेत की नाही. कोट काही बोलला नाही. मास्तर आणखी भडकले. आम्ही सगळे तोंडात बोळे कोंबून उभे होतो. शेवटी धाकट्यांनी जाऊन कोट खुंटीवरून काढला, आत नेला आणि परत येऊन म्हणाले, "त्याला समज दिली साहेब." अख्ख्या आयुष्यात त्यांनी याहून मोठा विनोद केला नाही, आणि तोही लाचारीतून.

पण त्या कोटानं धाकट्यांच्या डोक्यात बत्ती पेटवली. ते मास्तरांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटले आणि म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, साध्या गोष्टीत अडखळतात, जिन्यावरून पडले तर काय घ्या. वरवर काळजी, आत हिशेब. ऑपरेशन म्हणजे आधी एक डोळा, मग दुसरा, मधे विश्रांती, म्हणजे चांगली लांबलचक रजा. माणूस एकदा घरच्या खुर्चीत रुतला, दुपारची झोप लागली, नातवंडं अंगाखांद्यावर चढली की त्याला कामाचा विसर पडतो, असं धाकट्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मास्तर आधी गुरगुरले. डोळा माझा आहे, डॉक्टरचा नाही. मग काकू आणि त्यांची लेक दोघी मागे लागल्या. नेण्या-आणण्याचं काम धाकट्यांनी स्वतःकडे घेतलं. आपल्या वैऱ्याला हाताला धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढवताना इतका खूश असलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

मास्तर रजेवर गेले आणि धाकटे खुर्चीत बसले. बदली म्हणून का होईना, बसले. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची फडक्यानं दोनदा पुसली. मी नमुना आणि तुकडा शेजारी धरून नेला. रंग हुबेहूब होता, आंधळ्यानंही पास केला असता, आणि इतकी वर्षं एका आंधळ्यानंच रंग पास केले होते. धाकट्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेला, दिव्याखाली नेला. मला विचारलं, तुला काय वाटतं. इस्त्रीवाल्याला विचारलं. चहावाल्यालाही विचारलं. मग म्हणाले, दुसरा तुकडा कुठाय?

"कसला दुसरा? मास्तर रजेवर आहेत," मी म्हणालो.

"असू दे. दोन कर. बरं असतं."

तेव्हापासून मास्तर नसतानाही मी दोन तुकडे करत होतो. एक बरोबर, एक चूक. धाकटे दोन्ही समोर ठेवून बसायचे, चूक कुठला ते त्यांना कळायचं, आणि तरी सही करताना पेन कापडापासून बोटभर वर थांबायचं. कोणीतरी खेकसल्याशिवाय या माणसाच्या हाताला कामच सुचत नव्हतं. खुर्ची मिळाली होती. बसायचं बूड कुठून आणायचं हे त्यांनी इतक्या वर्षांत बघितलंच नव्हतं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते मास्तरांना बघायला गेले. एकट्यानं जायची छाती नव्हती म्हणून मला बरोबर घेतलं. मास्तरांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, कोणीतरी आपल्याला शाईच्या बाटलीत बुडवलंय. भिंती निळ्या, छत निळं, दारंसुद्धा निळी. रंग लावायचा तेव्हा मास्तरांनी रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून सायीचा रंग बनवून घेतला होता. रंगारी सांगत होता, साहेब, निळा होतोय. मास्तर सांगत होते, पिवळं मारतंय, घाल. काकू तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता त्या घरात त्यांचं तोंडही निळं दिसत होतं.

मास्तर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. आधी एका डोळ्यावर हात ठेवायचे, मग दुसऱ्यावर. जुन्या डोळ्यानं भिंत सायीची, नव्या डोळ्यानं निळी. दुसऱ्या कोणाला तेवढ्यात सगळा उलगडा झाला असता. मास्तरांनी उलगडा केला तो असा, की डॉक्टरनं आत निळी काच बसवलीय. तसं त्यांनी डॉक्टरला जाऊन सुनावलंही होतं. डॉक्टरीण शांतपणे म्हणाली होती, काच स्वच्छ आहे आजोबा, पिवळा झाला होता तो तुमचा डोळा. हे सांगताना मास्तर तुच्छतेनं हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा, आम्ही बघत नाही असं समजून, एका डोळ्यावर हात ठेवला.

घरी त्यांनी काय चालवलं होतं ते काकूंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. सकाळी चहाचा कप खिडकीशी नेतात आणि परत पाठवतात. चादरी घडी करून दाखवाव्या लागतात. भांडी घासणाऱ्या बाईला त्यांनी रांगेत उभं केलं, ती एकटीच असताना. लेक नातवाला घेऊन आली तर नातवाच्या चित्राला नापास करून मोकळे झाले, पोर रडत घरी गेलं. बागेत जाऊन बसा म्हटलं, तर जेमतेम चार दिवस जाऊन बसले.

बागेतला तो बाक मीही बघितलाय. तिथे सगळी निवृत्त मंडळी बसतात. एक बँकेचे मॅनेजर होते, ते अजून कोणी काही मागितलं की उद्या या म्हणतात. एक मुख्याध्यापक होते, ते माळ्याला पाणी कसं घालावं ते शिकवतात आणि माळी पाइप त्यांच्या बुटांवर धरतो. सगळे एकमेकांना साहेब म्हणतात, कारण आता दुसरं कोणी म्हणत नाही. काम होतं तेव्हा कामाचा कंटाळा, आणि काम गेलं की कंटाळ्याचं काम. मास्तर चौथ्या दिवशी तिथून उठले ते थेट घरी येऊन काकूंना म्हणाले, तिथे सगळे माजी आहेत. मी माजी नाही.

हे सांगून काकूंनी धाकट्यांकडे बघितलं. निळ्या भिंतींमधे इतकी वर्षं गप्प बसलेली बाई, पण त्या दिवशी सरळ बोलली.

"भाऊ, तुम्ही डोळ्यांची काळजी म्हणून आला नव्हतात, हे मला कळत नाही असं समजू नका. तुम्हाला खुर्ची हवीय. मला माझं घर हवंय. त्यांना परत घेऊन जा."

धाकटे हसले.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्ट्या निघाल्या, आणि मास्तर काळा चष्मा लावून खात्यात परत आले. आम्ही रांगेत उभे राहिलो, आम्हाला तेवढंच येतं. ते सरळ खुर्चीपर्यंत गेले, चष्मा काढला, किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

त्या दिवसापर्यंत मी त्यांना हरल्यासारखं कधी बघितलं नव्हतं. कपाटाच्या तळाशी जुने तुकडे होते, ते ठीक होते. बदामी ती बदामी, राखी ती राखी. त्यांच्यावर, थरावर थर, आमचे सगळे तुकडे. बदामी म्हणून ठेवलेलं शेवाळ, साय म्हणून ठेवलेली नीळ, मोतिया म्हणून ठेवलेलं असं काहीतरी ज्याला कुठल्याही भाषेत नाव नाही. मास्तर एकेक तुकडा खिडकीशी नेऊन बघत होते. बघायचे आणि उलटा करायचे. प्रत्येकाच्या मागे त्यांचीच सही. इस्त्रीवाला हातातली इस्त्री उचलायची विसरला, कापड करपल्याचा वास सुटला, तरी कोणी हललं नाही.

"हे मी पास केलंय?" मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक की तो त्यांचाच आहे हे कळायला वेळ लागला.

मग त्यांनी धाकट्यांकडे बघितलं. त्या नव्या डोळ्यांनी बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितलं.

"खरं सांगा. माझे डोळे कधीपासून गेले होते?"

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते धाकट्यांच्या पायाशी येऊन पडलं होतं. वाकून उचलायचं तेवढं बाकी होतं. बरेच दिवस झाले साहेब, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी तो चेहरा बघत होतो, आणि शपथेवर सांगतो, मास्तर त्याच दिवशी गेले असते. भाषण न करता, घड्याळ न घेता, मागच्या दारानं. वर्षाअखेरीला अजून बराच अवकाश होता. मी धाकट्यांच्या इतका जवळ उभा होतो की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, एकदा तरी बोल. तोंडानं मीही काही बोललो नाही, हे इथे सांगायला हवं, नाहीतर कोणाला वाटेल खात्यात एखादा तरी शूर होता.

धाकटे हसले.

"डोळे कसले साहेब. कपाटाला ओल लागली. तुम्ही रजेवर होतात, उघडून वारा कोण देणार? रंग फिरले."

त्या कपाटामागच्या भिंतीपलीकडे बॉयलर आहे. हिवाळ्यात आम्ही त्या भिंतीला पाठ लावून उभे राहतो, ओले हातरुमाल तिच्यावर वाळत घालतो. तिथे ओल लागणं म्हणजे चुलीत मासे पोहण्यासारखं. मास्तरांना हे आमच्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवर तळवा टेकला. भिंत गरम होती. तळवा तसाच ठेवून त्यांनी धाकट्यांकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्या डोळ्यांदेखत तो जुना चेहरा हळूहळू परत जागेवर आला, खोबणीत दार बसावं तसा. पाठ ताठ झाली. हनुवटी वर गेली.

"थोडे दिवस नव्हतो तर खात्याची ही गत," मास्तर म्हणाले. "मग मी जाऊन कसं चालेल?"

सगळ्या निळ्या तुकड्यांचं त्यांनी गाठोडं बांधायला लावलं आणि ते मलाच हौदांमागच्या कचऱ्यात टाकायला पाठवलं. मालक खाली आले, मास्तरांची तब्येत विचारली आणि वर गेले.

आणि आता यातली सगळ्यात घाण गोष्ट. मास्तरांना खरंच दिसायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सवयीनं मी निळा तुकडा दाखवायला नेला, तर त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला. निळं मारतंय, डोळे फुटले का तुझे? बरोबर तुकडा आणला तर म्हणाले, हा. गिऱ्हाइकाचं पाकीट अजूनही उघडत नव्हते, पण डोक्यातला रंग आणि समोरचा रंग आता जुळत होते. माल परत येणं थांबलं, दोन तुकडे करणं थांबलं, मालकांच्या जीवात जीव आला. धाकट्यांनी पदरमोड करून, हाताला धरून, पायऱ्या चढवून, त्या म्हाताऱ्याला आणखी दहा वर्षं बसायची सोय करून दिली होती. मास्तर घरी गेले की रंगाऱ्याला शिव्या देत भिंती नव्यानं रंगवून घेत होते. काकूंना घर मिळालं. ज्याला त्याला मिळायचं ते मिळालं.

वर्षाअखेरीला धाकट्यांचा निरोप झाला. हॉल झाडला, खुर्च्या मांडल्या. मास्तर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, यांनी मला डोळे दिले, हे उपकार मी विसरणार नाही. टाळ्या पडल्या. धाकट्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले, माइक धरला, मास्तरांकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता. पण त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, काही चुकलंमाकलं असल्यास माफी मागितली आणि घड्याळ छातीशी धरून खाली बसले. त्यांच्या जागी कोणाला धाकटे म्हणायचं हे मालकांना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी धाकटा आहे. माझेही केस पांढरे व्हायला लागलेत.

धाकट्यांच्या खणात राहिलेला चष्मा द्यायला मी महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो. धाकटे बाहेरच्या खोलीत बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. कुठे निघालात का, विचारलं तर म्हणाले, नाही, सहज. वहिनींनी चहा आणला आणि माझ्यापुढे दोन कापडाचे तुकडे टाकले.

खोलीला नवे पडदे लावायचे होते. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, आयुष्य रंगात गेलं तुमचं, बदामी रंगाचं कापड बघून या. नवरा सबंध दिवस बाजारात घालवून हे दोन तुकडे घेऊन आला. एक छान बदामी होता. दुसरा निळा मारलेला, बघवत नव्हता.

"हा कशाला आणलात म्हटलं, तर म्हणतात हा दाखवायला आणि तो लावायला," वहिनी म्हणाल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. टोमणा मारायच्या सुरात नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "अहो, पण दाखवायचा कोणाला?"

धाकटे हसले. मग हसू ओसरलं, तशी त्यांनी माझ्या पुढ्यातले दोन्ही तुकडे उचलले, खिडकीशी गेले, एकेका हातात एकेक धरून उजेडात उभे राहिले. मी चहा संपवला. कप खाली ठेवला. चष्म्याची डबी त्यांच्या खुर्चीवर ठेवली आणि निघालो म्हणालो. त्यांनी मान वळवली नाही. कोणीतरी हो म्हणेल म्हणून ते तिथेच उभे होते.